मिलिवॉटला बीटीयूचं माप

आकडेमोडीतल्या कटकटींमध्ये वॉटचे बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक) करायची ही कटकट सगळ्यात फसवी, कारण दिसायला ती एकाच गुणाकाराची आहे. वॉटला 3.412 ने गुणलं की झाले बीटीयू प्रति तास. शाळेतलं पोर करील. पोर बरोबर करतंही. चुका करायला माझ्यासारखी जाणती मंडळी लागतात.

समजा, एक चिमुकला सेन्सर बोर्ड 3.3 व्होल्टवर 5 मिलिअँपिअर खातो. गुणाकार केला, 16.5 मिलिवॉट. विजेच्या माणसाचं काम इथे संपलं. मग उष्णतेचा माणूस येतो आणि म्हणतो, "हे बीटीयूत द्या." बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता, सुमारे 1055 जूल. आमच्या बोर्डाला तेवढे जूल जमवायला पावणेअठरा तास लागतात, तेही पाणी मधल्या वेळात निवलं नाही तर. केशर तोलायला खंडीचं माप मागवावं, तसा हा प्रकार.

तरी गुणायचं. 0.0165 गुणिले 3.412 बरोबर 0.0563 बीटीयू प्रति तास. इथे पहिला अपघात ठरलेला: मिलिवॉटचा वॉट करताना एखादं शून्य सांडतं. 16.5 ला थेट 3.412 ने गुणून 56.3 लिहिणारेही आहेत, आणि ते फार आत्मविश्वासाने लिहितात. म्हणून मी गुणायच्या भानगडीतच पडत नाही. मिलिवॉटला 293 ने भागतो, कारण एक बीटीयू प्रति तास म्हणजे 293 मिलिवॉट. यात फायदा असा, की आकडा 293 पेक्षा लहान असेल तर उत्तर एकच्या आत यायलाच हवं. नाही आलं तर चूक आपली, निसर्गाची नाही.

दुसरा अपघात ‘प्रति तास’चा. बोलताना हे दोन शब्द सगळेच गिळतात: "बारा हजार बीटीयूचा एसी." बीटीयू ही ऊर्जा आहे, वेळेशिवाय ती शक्ती होत नाही. गाडीचा वेग विचारल्यावर "ऐंशी किलोमीटर" म्हणून गप्प बसावं, तसं हे. एसीपुरतं चालतं, कारण तास सगळ्यांनीच गृहीत धरलेला असतो. पण एखाद्या तक्त्यात तोच आकडा प्रति मिनिट असला, तर उत्तर साठपट चुकतं आणि कागदावर काहीच संशयास्पद दिसत नाही. आणि हे बारा हजार येतात बर्फातून: 2000 पौंड बर्फ 24 तासांत वितळायला जी उष्णता लागते, ती तासाला बारा हजार बीटीयू पडते; एसीवाल्यांचा एक टन तो हाच, सुमारे 3517 वॉट. ही उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. एसी तेवढी वीज खात नाही. आमचा बोर्ड या टनाच्या सुमारे दोन लाख तेरा हजारावा भाग आहे. हा आकडा कुणाच्याही उपयोगाचा नाही, पण मागणारे मागतात.

इंग्रजीतल्या छोट्या आणि मोठ्या ‘एम’बद्दल तर बोलायलाच नको. छोटा मिलिवॉटचा, मोठा मेगावॉटचा, मध्ये अंतर एक अब्जपट. आणि बीटीयूच्या आधी मोठा एम दिसला की तो मेगाचा असेलच असं नाही. बऱ्याचदा तो रोमन अंकांतला हजार असतो, आणि दशलक्षासाठी दोन एम लावतात.

कॅलरीवाले त्या मानाने सज्जन. मिलिवॉटला 0.86 ने गुणलं की कॅलरी प्रति तास: 16.5 चे 14.2. आकडा माणसात राहतो. फक्त खाण्याच्या वेष्टनावरची कॅलरी हिच्या हजारपट मोठी असते, एवढं भान ठेवायचं. कॅलरी 4.184 जूलची की 4.1868 ची, यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्यावा. फरक शेकडा 0.07. आपल्या मीटरची चूकच शेकडा एक.

खरी गोची मीटरपाशीच असते. मिलिअँपिअरच्या रेंजवर मल्टिमीटर स्वतःच थोडं व्होल्टेज खातो, त्यामुळे बोर्डाला 3.3 पोचतच नाही. मीटर जोडलेला असताना व्होल्टेज बोर्डाच्या पायांवर (पिनांवर) मोजावं. प्रवाह तुकड्यातुकड्यांत वाहत असेल तर आणखी मजा. समजा, 165 ओहमचा रोध 3.3 व्होल्टवर दहा टक्केच वेळ चालू असतो; चालू असताना 20 मिलिअँपिअर, मीटर सरासरी 2 दाखवतो. सरासरीला व्होल्टेजने गुणलं तर 6.6 मिलिवॉट, बरोबर. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, या दुसऱ्या सूत्रात सरासरीचाच वर्ग घातला तर 0.66. मीटर तोच, आकडा तोच, उत्तर दहापट कमी. आधी वर्ग, मग सरासरी, हा क्रम उलटला की असंच होतं.

एवढं सांभाळून उत्तर कन्व्हर्टरमध्ये टाकलं, तर तो 0.056300337 असं काढून देतो. शेकडा एक चुकणाऱ्या मीटरवरून आलेल्या आकड्याला नऊ दशांश! 0.056 पुरे.

पण उष्णतेच्या माणसाच्या तक्त्यात दोनच दशांशांचा रकाना असतो. तिथे 0.06 लिहिलं जातं. मग तो सुट्या भागाची माहितीपत्रिका उघडतो, तापमानवाढ काढायला. तिथे लिहिलेलं असतं: अंश सेल्सिअस प्रति वॉट. म्हणजे परत वॉट हवेत. 0.06 गुणिले 293, झाले 17.6 मिलिवॉट. ऊर्जा निर्माण करता येत नाही म्हणतात. त्या रकान्याने बसल्या जागी 1.1 मिलिवॉट निर्माण केलेले असतात.