खुलासा: नागपूर दुभंगणार नाही

"भारतीय प्लेट फाटतेय, नागपूरचे दोन तुकडे होणार" हा मेसेज ग्रुपवर फिरतोय. चूक आहे. शास्त्रज्ञांनी शक्यता मांडली ती तिबेटखालची: तिथे प्लेटचा (म्हणजे भारत ज्यावर आहे त्या पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्याचा) खालचा जड थर वरच्यापासून सोलून निघत असावा. फाट आडवी, तीही हिमालयापलीकडे, खोल.

आपल्याकडची फाटाफूट कधीच होऊन गेली. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी गोंडवनात, म्हणजे भारत तेव्हा ज्याचा भाग होता त्या महाखंडात (हे नावही आपल्या गोंडांच्याच मुलखावरून) जमीन ताणली गेली, खचदऱ्या पडल्या, त्यांत गाळ आणि झाडोरा दबला. उमरेडचा कोळसा त्यातलाच. पण ताण मध्येच थांबला, तुकडे झाले नाहीत. मादागास्कर भारतापासून सुटलं ते फार नंतर, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी.

अशी फाटाफूट आज चालू आहे ती पूर्व आफ्रिकेत; तिथली खचदरीही रुंदावतेय वर्षाला फक्त काही मिलिमीटर. नखं याहून भराभर वाढतात.