पाहणावळ

परवा रविवारी मी एका कूलरवाल्याला २०० रुपये दिले. कशाचे? तर त्याने माझ्याच घरात, माझ्याच दिवाणावर बसून सिनेमा पाहिला, त्याचे. पंपाचे ३५० वेगळे. शिवायची शिवणावळ असते, दळायची दळणावळ, तशी ही पाहणावळ. बायको म्हणते, सोडा आता. सोडतो. पण पैसे मोजून दिले आहेत, तेव्हा निदान तेवढ्याचं लिहून तरी घेतो.

नवतपा लागलेला. बाहेर ४५ अंश, रस्त्यावर कुत्रं नाही. साडू सहकुटुंब आमरसाला आलेले. तिसऱ्या वाटीनंतर ते कलंडले आणि दर उन्हाळ्यात म्हणतात तेच म्हणाले, "तुमी ते सायन्सवालं पाहून राहता ना जी. एखादं लावा ना. जरा हटके."

या वाक्याला मी जितका फसलो, तितका प्लॉटच्या व्यवहारातही फसलो नाही. "हटके" मागणाऱ्याला हटके नको असतं. त्याला पाहिलेलंच हवं असतं, फक्त नाव बदलून.

मागच्या उन्हाळ्यात मी यांना २००७ सालचा ‘द मॅन फ्रॉम अर्थ’ दाखवला होता. गाव सोडून निघालेल्या एका प्राध्यापकाला निरोप द्यायला मित्र येतात आणि तो सांगतो, मी १४ हजार वर्षं जगतो आहे. झालं. पुढे जवळजवळ सगळा सिनेमा एका खोलीत बसून नुसतं बोलणं. ना यान, ना लेझर. जेरोम बिक्स्बीने ही पटकथा मरणाच्या अंथरुणावर पुरी केली होती. हे सांगताना माझा आवाज जरा भरून आला. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "चौदा हजार वर्षांत एक प्लॉट नाही घेतला त्यानं?" मग संध्याकाळपर्यंत वर्धा रोडला तेव्हा काय भाव असेल यावर चर्चा झाली.

दिवाळीत ‘ला जते’. १९६२ सालचा फ्रेंच सिनेमा, अवघा २८ मिनिटांचा, आणि सगळा स्थिर फोटोंचा. फोटोमागून फोटो. मध्येच एकदा, फक्त एकदा, झोपलेली बाई डोळे उघडते आणि तिच्या पापण्या खरोखर हलतात. त्या काही सेकंदांसाठी मी फराळ बाजूला ठेवून सगळ्यांना बसवलं होतं. १९९५ चा ‘ट्वेल्व्ह मंकीज’ यावरूनच सुचला, हे सांगून भावही खाल्ला होता. भाचा म्हणाला, "मावसाजी, नेट अटकलं." मी म्हटलं, अटकलं नाही, सिनेमाच असा आहे. थोड्या वेळाने साडू उठले. "तुमी काही म्हणा, अटकलंच आहे," म्हणाले आणि त्यांनी राउटर बंद करून पुन्हा चालू केला. नेमका तेव्हाच. त्या बाईने डोळे उघडले की नाही, हे आमच्या घरात माझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही.

‘कोहिरन्स’चं तर बोलूच नका. धूमकेतू जवळून जातो, जेवायला जमलेल्या मंडळींच्या वस्तीतली वीज जाते, आणि सगळ्या अंधारात एकाच घरात दिवे लागलेले दिसतात. दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात पाच रात्रींत उरकलेला सिनेमा, नटांच्या हातात पूर्ण संवाद नाहीत, रोजच्या रोज चिठ्ठ्या. माझ्या अंगावर काटा. साडू म्हणाले, "त्याची फेज दुसरी असन." संपला सिनेमा.

एवढं होऊनही या रविवारी मी ‘प्रायमर’ लावला.

"प्रायमर? पुट्टीच्या आधी लावतात थे?" साडूंनी विचारलं, आणि उत्तर येण्याआधी घोरायला लागले. मेहुणी आत गेली. भाचा मोबाइलमध्ये. मी एकटा मान ताठ करून बसलो. ७,००० डॉलरमध्ये केलेला सिनेमा. शेन करुथ या माणसाने लिहिला, दिग्दर्शित केला, मुख्य काम केलं, संगीतही दिलं, आणि २००४ मध्ये सनडान्स महोत्सवाचं मोठं पारितोषिक नेलं. दोन इंजिनियर गॅरेजमध्ये खटपट करता करता चुकून काळात मागे जाणारी पेटी बनवतात. आणि नेमक्या याच वेळी, गुरुवारपासून "निघालोच भाऊ" म्हणणारा कूलरवाला दारात उभा राहिला.

पन्नाशीचा माणूस, डोक्याला दुपट्टा, खिशात टेस्टर. त्याने बाजूची ताटी काढली, आत हात घातला. "पानीच चढून नाही राहिलं. पंप गेला." नवा पंप बसवताना मला म्हणाला, "ही काळी वायर पाहून ठेवा. ही हलली की पंप बंद. दर वेळेस मले बलवू नका." मग त्याची नजर पडद्यावर गेली.

"सायलेन्सरचं काऊन कापून राहिले?"

"आतल्या डब्यात पॅलेडियम असतं. महागाचा धातू. यंत्राला लागतो."

"चोरीची गाडी?"

"नाही, स्वतःचीच."

"स्वतःचीच?" तो ओली ताटी हातात धरून तसाच उभा राहिला. फरशीवर पाणी टपकत होतं. पडद्यावर त्यांनी बॅटरीच्या वायरी काढल्या, तरी यंत्र चालूच.

"आकडा टाकला असन," कूलरवाला म्हणाला.

मी म्हटलं, "बसा ना." इथेच चुकलो.

तो बसला. मी समजावायला लागलो. गेल्या वीस वर्षांत मला हे कोणी समजावू दिलं नव्हतं. सकाळी पेटी चालू करायची. दिवसभर हॉटेलात लपून राहायचं. संध्याकाळी पेटीत शिरायचं, जेवढे तास मागे जायचं तेवढे तास आत पडून राहायचं, आणि बाहेर पडायचं ते त्याच दिवशी सकाळी.

"म्हंजे मांगं जाले बी तेवढाच टाइम लागते?"

"हो."

"आन वय?"

"ते वाढतंच."

तो विचारात पडला. "मंग हे तं ओव्हरटाइम झालं ना भाऊ. दिवस एक, राबायचं दीड दिवस." जगभरच्या लोकांनी या सिनेमातल्या काळाच्या गुंत्याचे तक्ते काढले आहेत. मीही एक काढला होता. ओव्हरटाइम मला सुचलं नव्हतं.

"पेटीत हवेचं काय?"

"ऑक्सिजनची नळकांडी नेतात."

"आपल्याकडे नाही जमत. मे महिन्यात पोट्टा आतच उकडून जाईन."

मी आतून त्याला आमरस आणून दिला. त्याने दोनदा "मांगं घ्या जरा" म्हटलं. मांगं घ्या! माझ्या घरात आजवर सगळे "पुढं घ्या" म्हणत आले. ७७ मिनिटांच्या सिनेमाला दोन तास लागले. शेवटी तो म्हणाला, "एकाचे किती झाले ते नाही समजलं. पर पोट्टे मेहनती आहेत." एवढं नेमकं परीक्षण मी तरी कुठे वाचलेलं नाही.

मग त्याने हिशेब सांगितला. पंप ३५०. बैठक २००.

"बैठक कसली?"

"दोन घंटे बसलो ना भाऊ. सीझन आहे. तीन कूलर झाले असते."

"अहो, तुम्ही सिनेमा पाहत होता!"

"तुमीच तं बसा म्हणाले."

"आणि आमरस?"

"आमरस म्या मांगतला काय?"

या आवाजाने साडू जागे झाले. "द्या ना जी, मेहनतीचा माणूस आहे," त्यांनी माझ्या पैशाने औदार्य दाखवलं. पुढे जांभई देऊन म्हणाले, "हे काही जमलं नाही. दुसरं सांगा ना एखादं. हटके."

दोनशे रुपयांचं मला एवढं काही नाही. म्हणजे आहे, पण निम्मंच. बाकीची चीड या "सांगा ना"ची आहे. मी रात्री जागून यादी करतो, कोणाला काय झेपेल याचा विचार करतो, आणि समोरचा ते "जेवण झालं का" म्हटल्यासारखं विचारतो. ज्याला महिन्याचे पैसे भरतो ते ॲपही तसंच, उघडलं की तीच दहा पोस्टरं. मागच्या महिन्यात यादीत ठेवलेला सिनेमा या महिन्यात तिथून नाहीसा, आणि कुठे गेला ते विचारायला समोर माणूस नाही. निदान कूलरवाल्याशी भांडता तरी येतं.

तर आता यादीत पुढचा आहे ‘किन-द्झा-द्झा’. १९८६ सालचा रशियन सिनेमा. मॉस्कोत ब्रेड आणि शेवया आणायला निघालेला एक साधा माणूस थेट वाळवंटी ग्रहावर जाऊन पडतो. तिथल्या पाण्याचं लोकांनी कधीच इंधन करून टाकलं आहे, काडेपेटीतल्या काडीला सोन्याचा भाव आहे, आणि समोरच्याच्या पँटीचा रंग पाहून किती वाकायचं ते ठरतं. घरच्यांना दाखवण्यात अर्थ नाही. पण पाणी, ऊन आणि मान यांतलं ज्याला कळतं असा एक प्रेक्षक माझ्या ओळखीचा आहे.

सिनेमा सव्वादोन तासांचा. "मांगं घ्या" धरून तीन. तासाला शंभर म्हटले तर ३०० रुपये. कूलर सध्या उत्तम चालू आहे. काळी वायर मी पाहून ठेवली आहे.