सध्या मी बी.ए. आहे

माझं शिक्षण गेल्या वर्षभरात झपाट्यानं कमी होत चाललंय. दिवाळीपर्यंत मी डॉक्टर होतो. संक्रांतीला नेट आणि सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा दोन्ही गेल्या, शिमग्यात एम.ए.ची आहुती दिली आणि सध्या मी नुसता बी.ए. आहे. तेही सेकंड क्लास. फर्स्ट क्लास लिहिला की समोरचा माणूस सावध होतो.

मूळचा मी इतिहासाचा प्राध्यापक, म्हणजे तासिका तत्त्वावरचा. जेवढे तास घ्याल तेवढ्याचेच पैसे, आणि ते कधी येतील हे बिल मंजूर करणाऱ्यालाच ठाऊक. मे महिन्यात तास नसतात, त्यामुळे मे महिन्यात आम्हीही नसतो. पूर्णवेळ जागा निघेल या आशेवर पीएचडी करायला घेतली. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ च्या नियमांत सांगितलंच होतं, की २०२१ पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी हवीच. मग ती तारीख दोन वर्षं पुढं ढकलली. तेवढ्यात मी 'मराठवाड्यातील बारवा : एक चिकित्सक अभ्यास' धापा टाकत पुरा केला. (आमच्याकडं चिकित्सक नसलेला अभ्यास कुणी करतच नाही.) व्हायव्हा झाली, पेढे वाटून झाले आणि जुलै २०२३ मध्ये यूजीसीनं जाहीर केलं, पीएचडी ऐच्छिक, नेट-सेट पुरे. वाटलेले पेढे काही परत मागता येत नाहीत.

शेवटी म्हटलं, प्राध्यापकी राहू द्या, एखादी साधी नोकरी बघू. एका पतसंस्थेत क्लार्कची जागा होती. बायोडाटा वाचून मॅनेजर खुर्चीतून उठले, "या सर, बसा सर" म्हणाले आणि चहा मागवला. चहाबरोबर बिस्किटं आली तेव्हाच कळलं, नोकरी गेली. ज्याला कामावर ठेवायचं असतं त्याला कुणी बिस्किटं देत नाही. "एवढं शिकलेला माणूस आमच्याकडं कशाला टिकेल सर? उद्या चांगलं मिळालं की जाल." मी एकाच कॉलेजच्या एकाच गळक्या वर्गात केस पिकेपर्यंत टिकलो होतो. पण टिकण्याचं सर्टिफिकेट कुठलंच विद्यापीठ देत नाही.

मग झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं बायोडाटा स्क्रीनवर उघडला आणि माझ्याकडं दयेनं बघितलं. "काका, एवढं सगळं ठेवायचं?" "काढ," म्हटलं. तिनं एकेक ओळ निवडून डिलीट दाबलं. शोधनिबंध गेले, परिसंवाद गेले, मार्गदर्शकांचं नाव गेलं. एमएस-सीआयटीपाशी माझा हात पुढं झाला, तर तीच म्हणाली, "हे राहू द्या काका, हे सगळीकडं मागतात." सगळ्या शिक्षणात नांगी शाबूत असलेली चीज तेवढीच निघाली.

शिक्षण काढणं सोपं असतं. त्यानं अडवलेली वर्षं काढता येत नाहीत. पीएचडी आणि प्राध्यापकी एकदम गेल्यावर बी.ए.नंतर एवढं भगदाड पडलं, की बघणाऱ्याला तुरुंगाचीच शंका यावी. बायको म्हणाली, "अहो, शेती लिहा. शेतीत गेलेल्या वर्षांचा हिशोब कुणी मागत नाही." लिहिली. पहिल्याच मुलाखतीत फर्निचर दुकानाचे मालक सोयाबीनवाले निघाले. "एकरी किती पिशव्या टाकता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पावसावर असतं ते." ते शांतपणे म्हणाले, "पिशवी एकरावर लागते हो. पावसावर छत्री लागते."

त्या रात्री आमच्या वकील मेहुण्यानं आणखी घाबरवलं. ओडिशातल्या एका पदवीधरानं पंजाब नॅशनल बँकेत शिपाई होताना पदवी लपवली होती. जाहिरातीची अट अशी, की उमेदवार बारावी पास असावा, पण पदवीधर नसावा. बँकेला कळलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. सुप्रीम कोर्टानं मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं, माहिती लपवणाऱ्याचा नोकरीवर हक्क नाही. "म्हणून दाजी, सरकारी ठिकाणी खरं लिहा," मेहुणा म्हणाला. खरं लिहून काय होतं तेही आम्हाला माहीत होतं. उत्तर प्रदेशात २०१५ मध्ये सचिवालयातल्या शिपायांच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले. त्यात २५५ पीएचडीवाले होते. पात्रता होती पाचवी पास आणि सायकल चालवता येणं. मला सायकल येते, पण डबल सीट जमत नाही. म्हणजे तिथंही मी मेरिटमध्ये बसलो नसतो.

खासगीचाच रस्ता धरला, तर आता जीभ दगा द्यायला लागली. एका गोदामात मालकानं विचारलं, "आधी कुठं काम केलंय?" मी म्हणालो, "प्रस्तुत क्षेत्रात नाही, तथापि..." 'तथापि' म्हणणाऱ्या माणसाला पेट्या उचलायला कोण ठेवणार? घरी सराव सुरू झाला. बायको मालक व्हायची, मी बी.ए. "किंबहुना" म्हटलं की ती लाटणं आपटायची. आठवड्याभरात मी "हो मालक", "बघतो मालक" आणि "झालंच समजा" एवढ्यावर आलो. खरं सांगायचं तर नेटचा अभ्यास यापेक्षा सोपा होता. तिथं चार पर्याय तरी असतात.

असा घासून-पुसून कोरा झाल्यावर एका टाइल्सच्या दुकानानं मला गोदामावर घेतलं. माल उतरवून घ्यायचा, पेट्या मोजायच्या, रजिस्टर लिहायचं. इथं चहा आपला आपण प्यायचा असतो, म्हणून निर्धास्त होतो. पण हाताला लागलेलं वळण लाटण्यानंही जात नाही. रजिस्टरला मी नकळत अनुक्रमणिका केली. फुटलेल्या पेट्यांना तळटीपा दिल्या : 'सदर माल चालानात अखंड दाखवला असला तरी प्रत्यक्ष पाहणीत तडा आढळतो, पाहा पान १४.' मागच्या शनिवारी मालकांनी ते रजिस्टर उघडलं आणि बराच वेळ पानं उलटत राहिले. मी मनातल्या मनात पतसंस्थेतली बिस्किटं मोजत होतो.

"असं रजिस्टर आजवर कुणी ठेवलं नाही आपल्याकडं," मालक म्हणाले. "चांगली बुद्धी आहे की तुम्हाला! पुढं का नाही शिकलात?"

"परिस्थिती," मी म्हणालो. त्यात तर काहीच खोटं नव्हतं.

मालक हळहळले. त्यांनी गल्ल्यातून पाचशेच्या नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या. "वय झालं म्हणून लाजू नका. ते नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे ना, तिथून एम.ए. करून टाका. कमी पडले तर सांगा, फी मी भरतो. विषय इतिहासच घ्या. सोपा असतो."