‘पोरगी रॉमध्ये आहे म्हणे’: ‘डिफेन्स ॲनालिस्ट व्हा’ या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आप्पांच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवरून, मामीकडून, कराडच्या मैत्रिणीकडून आणि शेवटी गावातल्या, फौजभरतीची तयारी करणाऱ्या एका पोराकडून. त्याने खाली विचारलं होतं, ‘ताई, खरंय का हे?’ पहिल्या तिघांना मी अंगठ्याचा इमोजी टाकून गप्प बसले होते. पोराला उत्तर देणं भाग होतं.

आमचं गाव अपशिंग्याच्या शेजारचं. अपशिंगे म्हणजे पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावलेलं, नावापुढे ‘मिलिटरी’ लागलेलं गाव. या पट्ट्यात पहाटे पाचला रस्त्यावर भरतीची सोळाशे मीटरवाली पोरं पळत असतात आणि घरटी एखादी तरी फौजेची पेन्शन येते. असा मेसेज इथे फिरणार नाही तर कुठे फिरणार?

मेसेज थोडक्यात असा. सातारा-सांगलीच्या तरुणांना सुवर्णसंधी. अग्निवीर म्हणून चार वर्षं झाली, पुढे काय? डिफेन्स रिसर्च ॲनालिस्ट व्हा, आजचे बहिर्जी नाईक व्हा. हे काम फक्त फौजेतून आलेल्यांनाच मिळतं. माहिती सगळी गुप्त असते, म्हणून सर्व्हिसमधल्या जवानांशी ओळखी ठेवा, आतलं कळतं. पगार दोन लाखांपासून. आमचा तीन महिन्यांचा सरकारमान्य कोर्स करा, लायसन्स मिळेल. फी ४५ हजार. खाली मोबाइल नंबर आणि तिरंगा.

मी हे डिफेन्स ॲनालिस्टचं, म्हणजे संरक्षण विश्लेषकाचं, काम नऊ वर्षं करते. पहिली सहा दिल्लीत, आता साताऱ्यातून, कंत्राटावर.

बहिर्जींपासूनच सुरुवात करते, कारण लोकांना मेसेजातलं तेवढंच आवडलंय. बहिर्जींची समाधी खानापूर तालुक्यात, बाणूरगडावर आहे. सांगलीकरांना सांगायला नको. ते हेर होते. वेश बदलून शत्रूच्या मुलखात जायचं, जे कुणालाच माहीत नाही ते घेऊन यायचं. माझं काम याच्या बरोबर उलट. जे छापून, शिक्का मारून, वेबसाइटवर टाकून ठेवलंय आणि तरी कुणी वाचत नाही, ते मी वाचते. यात वेश बदलायचा प्रश्न येत नाही. चष्म्याचा नंबर तेवढा बदलतो.

गोंधळ नावामुळेही होतो. १९६८ साली देशाची बाहेरची गुप्तचर संघटना वेगळी काढली तेव्हा तिच्या नावात ‘रिसर्च’ आणि ‘ॲनालिसिस’ हे दोन्ही शब्द घातले. तीच रॉ. मी ‘रिसर्च ॲनालिस्ट’ म्हटलं की पारावरच्या मंडळींना तेवढे दोन शब्द पुरतात. मामीने तर माझं लग्न जमवताना मुलाकडच्यांना कानात सांगितलं होतं, ‘रॉमध्ये आहे, विचारू नका.’ ते लोक खरंच काही न विचारता उठून गेले.

आता ‘फक्त फौजेतून आलेल्यांनाच’. आपल्याकडची या कामाची जुनी नामांकित संस्था, दिल्लीची आयडीएसए, ११ नोव्हेंबर १९६५ ला सुरू झाली. तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले कराडचे यशवंतराव. पहिले संचालक फौजी होते, मेजर जनरल सोम दत्त. पण संस्थेला ज्यांच्यामुळे नाव मिळालं ते के. सुब्रह्मण्यम १९६८ ला आले. ते आयएएस अधिकारी, शिक्षण रसायनशास्त्राचं. अणुधोरणावर देशात त्यांच्याइतकं कुणी लिहिलं नसेल, आणि अंगावर गणवेश एक दिवसही चढला नव्हता. १९९९ ला कारगिलनंतर चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्षही तेच. समितीत माणसं चार. त्यांतले फौजी एकच, निवृत्त लेफ्टनंट जनरल हजारी. बाकी एक पत्रकार आणि दोन सनदी सेवेतले.

फौजेचा अनुभव काहीच कामाचा नाही असं मी म्हणत नाही. आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. उंचावरच्या चौकीत रॉकेलचा एक डबा पोचायला किती माणसं लागतात ते मला त्यांनी सांगितलं, कुठल्या रिपोर्टात ते तसं मिळालं नसतं. पण त्याच आप्पांना मी बजेटचा तक्ता दाखवला तेव्हा म्हणाले, ‘हे आमचं काम नव्हं बाई.’ दोन वेगळी कामं आहेत. अग्निवीर होऊन आलेल्या पोराने हे जरूर करावं, फक्त चार वर्षांची नोकरी म्हणजे पात्रता झाली असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, बाकीच्यांच्या हातात सेवानिधीची रक्कम असते. ४५ हजारांची फी ठरवणाऱ्याला हे नीट माहीत आहे.

आता ‘सगळी माहिती गुप्त असते’ हे. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये मिळाले. हा आकडा सगळ्यांनी पेपरात वाचला. तो चार मागण्यांत, म्हणजे खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या चार रकमांत, वाटलेला असतो, क्रमांक १९ ते २२: मंत्रालयाचा नागरी खर्च, सैन्यदलांचा रोज चालणारा, म्हणजे महसुली, खर्च, भांडवली खर्च आणि पेन्शन. एकूण एक ओळ सरकारच्या वेबसाइटवर, फुकट. भांडवली, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा घ्यायला, १,८०,००० कोटी. पेन्शनला १,६०,७९५ कोटी, म्हणजे रुपयातले साडेतेवीस पैसे. दर नोव्हेंबरात आप्पा हयातीचा दाखला भरायला साताऱ्याला जातात, ‘स्पर्श’ या पेन्शनच्या पोर्टलवर अंगठा लागला की चहा पिऊन परत येतात. ते मागणी क्रमांक २२ मध्ये आहेत. आमच्या गल्लीतली सात घरं मागणी क्रमांक २२ मध्ये आहेत.

आता याच बजेटवरचा टीव्हीवरचा वाद ऐका. एकजण म्हणतो, भारत जीडीपीच्या १.९ टक्के संरक्षणावर घालवतो. दुसरा म्हणतो, छे, दीड टक्कासुद्धा नाही. तिसरा स्वीडनच्या सिप्री या संस्थेचा आकडा फेकतो, तो या दोघांहून जास्त. खोटं कुणीच बोलत नाही. पहिल्याने पेन्शन धरली, दुसऱ्याने वगळली, आणि सिप्री पेन्शनबरोबर बीएसएफ, सीआरपीएफसारखी निमलष्करी दलंही मोजते, ज्यांचे पैसे आपल्याकडे गृहखात्यातून जातात. ‘तुमच्या आकड्यात काय काय आहे?’ हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून ठेवायचं, यात माझा निम्मा दिवस जातो. आतल्या माणसाची गरज कुठेच लागत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक टिपण केलं: भांडवली खर्चात घसघशीत वाढ, वगैरे. वरिष्ठांनी ते परत केलं. समासात लाल पेनने एकच शब्द होता, ‘कशाशी?’ मी यंदाचा अर्थसंकल्पी अंदाज मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाशी ताडला होता. अंदाज अंदाजाशी, सुधारित सुधारिताशी, प्रत्यक्ष प्रत्यक्षाशी लावायचं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला खरं तर कळायला हवं होतं. उभ्या उसाची टनांची बोली आणि काट्यावरचं वजन आपण कधी एका वहीत एका ओळीला लिहितो का? तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

सरकारला अडचणीचं ठरेल असंही पुष्कळ उघड्यावर असतं. कॅगचा २०१७ चा अहवाल काढून बघा. सप्टेंबर २०१६ च्या स्थितीनुसार दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्याही लढाईला पुरणारा नव्हता, असं त्यात छापलंय. संसदेत मांडलेला दस्तऐवज आहे तो. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर खुद्द सैन्याचे अधिकारी येऊन पैसे कुठे कमी पडतात ते सांगतात, आणि ते अहवाल इंग्रजीबरोबर हिंदीतही निघतात. कारगिल समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत आला. काही भाग गाळून आला हे खरं, पण उरलेला वाचून संपवलेली माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटलीत.

जे खरोखर गुप्त आहे ते गुप्तच राहू द्यायचं. इथे मेसेजातलं ते एक वाक्य नुसतं चूक नाही, घातक आहे: सर्व्हिसमधल्या जवानांशी ओळखी ठेवा, आतलं कळतं. अरे बाबा, १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून जिवंत आहे. देणारा अडकतो, घेणाराही अडकतो. माझा चुलतभाऊ सर्व्हिसमध्ये आहे. नवी नवी असताना मी सहज फोनवर विचारलं, ‘सध्या युनिट कुठंय रे?’ पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, ‘अक्का, जेवलीस का?’ त्यानंतर मी तो प्रश्न कुणालाच विचारलेला नाही.

आणि दुसरी बाजूही असते. या धंद्यात दोन-तीन वर्षं झाली की ओळख ना पाळख अशा लोकांचे मेसेज येऊ लागतात. गोड बोलणारी कन्सल्टन्सी, छोटासा रिपोर्ट, पैसे आगाऊ. पहिला रिपोर्ट पेपरातल्या बातम्यांवर चालतो. दुसऱ्यात विचारतात, तुमच्या भागातले जवान बहुतेक कुठल्या सेक्टरला असतात? अपशिंग्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न का येतो, ते समजायला विश्लेषक असावं लागत नाही. कोर्सवाल्याने हे शिकवायला हवं होतं. तो उलट ओळखी ठेवा म्हणतो.

पगाराचं चटकन उरकते. माझी सुरुवात महिना ३५ हजारांवर झाली, एकेक वर्षाच्या कंत्राटाने. दिल्लीत मुनिरक्यात तिघींत घेतलेल्या खोलीला त्यातला मोठा घास जायचा आणि फेब्रुवारीत, बजेटच्या दिवसांत, रात्रीचा डबा टेबलावरच गार व्हायचा. पुढे वाढ झाली, पण दोन लाख मी अजून पाहिलेले नाहीत. शस्त्रं बनवणाऱ्या मोठ्या खासगी कंपन्यांत किंवा परदेशी सल्लागार कंपन्यांत जास्त मिळतं हे कबूल, फक्त तिथे सुरुवातीलाच कुणी बसवत नाही.

राहिलं लायसन्स. संरक्षण विश्लेषकाला लायसन्स नसतं. कुणी देत नाही, कुणी मागत नाही. मग हे आलं कुठून? त्या पोराला मी कोर्सचा अभ्यासक्रम मागवायला सांगितलं. पीडीएफ आली. पहिली चार पानं शिवकालीन हेरखातं, पुढची अकरा पानं संरक्षण कंपन्यांच्या शेअरचे आलेख, सपोर्ट कुठे, रेझिस्टन्स कुठे. तेव्हा उलगडलं. शेअर बाजारात ‘रिसर्च ॲनालिस्ट’ ही कायद्याने ठरलेली गोष्ट आहे. बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचे २०१४ चे नियम आहेत, नोंदणी लागते, एनआयएसएम या संस्थेची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा घरी बसून अभ्यास करून देता येते. ते काम वेगळं, हे काम वेगळं, आणि कोर्सवाल्याने दोन्हींवर मिळून एक तिरंगा डकवलाय.

पोराने पुढचा प्रश्न मेसेजबाहेरचा विचारला: इंग्रजी आणि दिल्लीशिवाय होईल का? इथे मी त्याला गोड खोटं सांगितलं नाही. इंग्रजी लागतं, वाचायला भरपूर आणि लिहायला त्याहून नेमकं. बहुतेक संस्था दिल्लीतच आहेत, एखादी बंगळूरला. पण शिक्षणासाठी दिल्ली गाठायची गरज नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे, एसटीने तीन तासांवर. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ ला साताऱ्यात निघालं, त्याच जिल्ह्यात रोज पळणाऱ्या या पोराला पुण्यातल्या या विभागाचं नाव कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याला मी फीऐवजी एक काम दिलं. मागणी क्रमांक २२ काढ, पाच वर्षांचे पेन्शनचे आकडे एका पानावर मांड, प्रत्येकापुढे लिही की अंदाज आहे की प्रत्यक्ष खर्च. आठ दिवसांनी पान आलं, वहीतलं, फोटो काढून. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च त्याने वेगवेगळ्या शाईने लिहिले होते. पण एका वर्षाचा आकडा लाख कोटींत, बाकीचे कोटींत, आणि खाली सगळ्यांची बेरीज. समासात लाल पेनने ‘कशात?’ असं लिहून परत पाठवलंय.