पोरांना गोडच कार्टून दाखवा

सगळ्यात आधी रिमोट ताब्यात घ्या. सुट्ट्या लागल्यात, बाहेर भुसावळचं ऊन ४५ ला टेकलंय, पोरं दुपारभर टीव्हीसमोर लोळताहेत, आणि तुम्ही कुलरमध्ये पाणी टाकताय तेवढ्यात आतून धाडकन आवाज येतो आणि मागोमाग खिदळणं. समजून जायचं, टॉम अँड जेरी लागलंय. तडक बंद करा. मुलांवर कसले संस्कार होणार त्याने? त्यापेक्षा काय दाखवायचं ते मी सांगतो, फी काही नाही, फारतर हिवाळ्यात भरीत-पुरीला बोलवा.

तर गोड प्राणी ओळखायचा कसा. डोकं अंगाच्या मानाने मोठं, डोळे टपोरे, गाल फुगलेले, हातपाय आखूड. कोन्राड लॉरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ मध्येच लिहून ठेवलंय की अशी ठेवण दिसली की माणूस विरघळतो, मग ते बाळ असो का कुत्र्याचं पिल्लू. म्हणजे तुमच्या तोंडून ते जे "अगं किती गोऽऽड" निघतं ना, ते निघावं म्हणून कोणीतरी आधीच पट्टी लावून चित्रात डोळे रेखाटलेले असतात. हे पोरांना सांगायचं नाही, कृपा करून.

मिकीचा आदर्श ठेवा. म्हणजे नंतरच्या मिकीचा, सुरुवातीच्या नाही, कारण १९२८ च्या स्टीमबोट विली या कार्टूनमध्ये हाच उंदीर मांजराची शेपटी ओढतो, गाईच्या दातांवर ठोकून गाणं वाजवतो, डुकरिणीला पीत असलेल्या पिल्लांनाही सोडत नाही, एकदम टगा. मग नाव झालं आणि नाव झाल्यावर टगेपणा परवडत नाही, हे आपल्याकडे दर इलेक्शननंतर दिसतंच. सगळा राग, आदळआपट १९३४ मध्ये आलेल्या डोनाल्ड बदकाच्या गळ्यात घातली आणि मिकी झाला सभ्य गृहस्थ. स्टीफन जे गुल्ड म्हणून एक जीवशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७९ मध्ये चक्क मिकीची वेगवेगळ्या काळातली चित्रं घेऊन मापं काढली, तर डोकं मोठं होत गेलेलं, डोळे मोठे होत गेलेले, म्हणजे पन्नाशी आली तरी चेहरा दिवसेंदिवस बाळाचा. मी कोणाकडे बोट दाखवत नाही, पण चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स एकदा नीट बघा.

मग बांबी दाखवा. १९४२ चा सिनेमा आहे, पाडस इतकं गोंडस की पोरगी टीव्हीला मिठी मारेल. त्यात पुढे बंदुकीचा आवाज होतो आणि त्याची आई परत येत नाही. मेलेली दाखवत नाहीत, त्या सीनला रक्ताचा थेंब नाही, मारामारी नाही, संस्कार एकदम शाबूत. पोरगी रात्री हुंदके देत तुमच्या कुशीत येईल आणि "मम्मी तू मरशील का?" विचारेल, तेवढं सांभाळून घ्या. आणि तिकडे तो टॉम, त्याचं तोंड तव्यासारखं चपटं होतं, दात एकेक करून खळाखळा गळतात, शेपटी बोर्डात जाऊन अख्खा बोका दिवाळी होतो, आणि पुढच्या सीनला गडी परत ठणठणीत, पोरं पोट धरून हसतात आणि रात्री गाढ झोपतात. सांगा बरं, याला काय संस्कार म्हणायचे?

तुम्ही म्हणाल, त्या दोघांची दोस्ती का नाही करून टाकत. केली होती! हॅना आणि बार्बेरा, ज्यांनी १९४० पासून एमजीएम या अमेरिकन फिल्म कंपनीत बसून या दोघांच्या ११४ फिल्म काढल्या आणि या हाणामारीवर ७ ऑस्कर आले, त्यांच्याच कंपनीने १९७५ मध्ये टीव्हीसाठी टॉम आणि जेरीला मित्र केलं, कारण तेव्हा तिकडे टीव्हीवर मुलांसमोर मारामारी नको असा धोशा होता. जेरीच्या गळ्यात लाल बो, दोघं मिळून गावोगाव फिरताहेत, शुद्ध सात्त्विक. हेच लावा. पोरं थोड्या वेळात आपोआप उठतील, अंगणात जातील आणि एकमेकांना बॅटने हाणतील. टीव्ही बंद, लाईट बिल वाचलं.

आता मुख्य अडचण म्हणजे आबा. आबांना पोरांजवळ बसवू नका. आयुष्यभर जत्रेत तमाशा बघितलेला माणूस, सोंगाड्याने मार खाण्याआधी किती थांबायचं असतं हे त्यांना पक्कं माहीत, त्यामुळे टॉम दबकत निघाला की हे खाटेवर आधीच सरसावून बसतात, "आते पडी!" आणि पडतोच. टायमिंगबिमिंग पोरांना कळता कामा नये. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं पळतात आणि त्यातली दोनचार इकडची तिकडे झाली तर हसू येत नाही, किंवा स्कॉट ब्रॅडली नावाचा माणूस त्या बोक्याच्या पावलापावलाला ऑर्केस्ट्रा बसवत होता, किंवा टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी खुद्द विल्यम हॅनाने आपल्याच घशातून काढलेली, असलं काही कळलं तर पोरांना वाटेल ही पण कला आहे.

आणि आबा उंदराच्या बाजूने असते तरी चाललं असतं. ते बोक्याच्या बाजूने. भांडवल त्याने लावायचं, सापळा त्याने बांधायचा, रात्र रात्र जागायचं त्याने, आणि शेवटी इस्त्री त्याच्याच डोक्यात. "बियाणं लयनं, खत टाकं, फवारनी करी, आनि येचनीले पानी. हाऊ बोका मना भाऊ शे भो," असं म्हणतात आणि वर स्वतःच हसतात. तो कोल्ह्यासारखा कायोटी, १९४९ पासून रोडरनर पक्ष्याच्या मागे लागलेला, कड्यावरून पुढे धावत जातो, हवेत उभा राहतो आणि खाली बघितल्यावरच पडतो, त्याला तर आबा टीव्हीजवळ जाऊन सांगतात, "खाले दखू नको ना रे!" सातबारा नावावर असलेल्या माणसाने असं वागायचं असतं का?

शेवटचं म्हणजे ट्वीटी नावाच्या पक्ष्यापासून सावध. मला विचाराल तर सगळ्यात डेंजर हाच. १९४२ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा बिनपिसाचा, गुलाबी, सेन्सॉरवाल्यांना म्हणे तो नागडा वाटला, म्हणून पुढे पिवळी पिसं आली. डोकं अंगापेक्षा मोठं, डोळे डोक्याइतके, पापण्या लांब, लॉरेन्झच्या मापात शंभर पैकी शंभर. आणि हाच गोड बोलून सिल्व्हेस्टर बोक्याची वाट लावतो, आणि ट्वीटीला पाळणारी ती म्हातारी छत्री घेऊन धावते कोणावर, तर बोक्यावर. गोड आणि हाणामारी एकाच पिंजऱ्यात, आता याला कुठल्या कप्प्यात टाकणार तुम्ही?

पण घाबरू नका. टीव्ही बंद असला तरी आतल्या खोलीतून धपकन आवाज येईल, स्टूल पडलेलं असेल, थोरला डोकं धरून रडत असेल, आणि धाकटी मोठ्ठे डोळे करून म्हणेल, "मी काहीच नाही केलं पप्पा, दादाच पडला." मग थोरल्याला आधी एक ठेवून द्या, आणि धाकटीला केळं सोलून द्या.