‘हाय-टॉर्क सेल्फ तीन आठवड्यांत फुटला’: एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची तक्रार अशी, की गरम गाडी सेल्फ घेईना म्हणून आमच्याकडून नऊ हजारांचा हाय-टॉर्क सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी जास्त ताकदीची मोटर) घेतला, तीन आठवड्यांनी गगनबावड्याला चहाला थांबून परत निघताना कडाक् आवाज झाला आणि सेल्फचं नाकच, म्हणजे पुढचं ॲल्युमिनियमचं तोंड, तुटलं. वर आमच्या पोरानं काउंटरवरूनच ‘बसवताना फोडलाय, वॉरंटी नाही’ असं सुनावलं. पोरानं बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. त्याबद्दल माफी मागतो. मी दुकानात नव्हतो, पण ती काही सबब नव्हे.

‘डुप्लिकेट माल गळ्यात मारला’ हे मात्र मान्य नाही. गाडी इथंच होती, म्हणून सोमवारी सेल्फला नवीन नाक घालून मी स्वतः मीटर लावला. कॉइलची वायर काढून सेल्फ मारला, तर बॅटरीच्या टर्मिनलवर १०.७ व्होल्ट आणि सेल्फवर जेमतेम ९.१. मधले १.६ गेले कुठं? प्लसच्या केबलमध्ये ०.३ आणि अर्थिंगमध्ये, म्हणजे इंजिनाकडून बॅटरीच्या मायनसला परतणाऱ्या वाटेत, तब्बल १.३. अर्थिंगची पट्टी खोलली तर खाली चकाचक काळा रंग! हेड शेव्ह करून (कॉम्प्रेशन वाढवायला इंजिनाचं हेड घासून) इंजिन बांधलं तेव्हा कुणीतरी हौसेनं ब्लॉक रंगवला आणि पट्टी त्या रंगावरच आवळली. पात्यानं रंग खरवडून लोखंड उघडं केलं, पट्टी परत बसवली, तर अर्थिंगचा ड्रॉप ०.२ वर आला. खरं सांगायचं तर तुमचा जुना सेल्फ बहुतेक ठणठणीत होता. गरम झाल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स दर दहा अंशाला साधारण चार टक्के वाढतो, त्यात हे अर्थिंग. गरम गाडी सेल्फ घेईना, ते त्यामुळं.

आता नाक का तुटलं? व्हॅक्यूमचा पाइप काढून आयडलला टायमिंग (पिस्टन वर पोचायच्या किती आधी स्पार्क पडतो ते) पाहिलं, तर १८ अंश ॲडव्हान्स. पिकअपसाठी कुणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवलाय. कॉम्प्रेशन वाढवलेलं, इंजिन तापलेलं आणि स्पार्क एवढा आधी पडला, की पिस्टन वर पोचायच्या आतच पेट्रोल पेटतं आणि इंजिन उलटा झटका देतं. सेल्फचा गिअर इंजिनाला जोडणाऱ्या बेंडिक्सचा क्लच इंजिन पुढं पळालं तरच सुटतो, उलट फिरलं तर घट्ट धरतो. त्यात हा गिअर रिडक्शनवाला सेल्फ. याचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग) पिनियनच्या, म्हणजे पुढच्या छोट्या गिअरच्या, जवळजवळ चौपट वेगानं फिरत असतं. ते एका क्षणात थांबलं, की सगळा मार ॲल्युमिनियमच्या नाकावर. यापेक्षा मोठा सेल्फ घातला असता तर तोही तुटला असता, नाहीतर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले असते.

आमची चूक इथं आहे. तुम्ही ‘मेकॅनिकनं मोठा सेल्फ सांगितलाय’ म्हणालात आणि मी पिनियनचे दात मोजून, बोल्टची भोकं जुळवून माल दिला. इंजिनात काय काय केलंय, कॉम्प्रेशन किती, टायमिंग कुठं, हे विचारलंच नाही. व्होल्टेज ड्रॉप बघायला पाच मिनिटं लागतात. तेही केलं नाही. पंचवीस वर्षं सेल्फ-डायनामोच खोलतोय, मला तरी हे सुचायला हवं होतं.

टायमिंग १० वर आणलंय. पिकअप थोडा कमी वाटेल. पिकअप कमी झालेला चालणारच नसेल तर टायमिंग परत पुढं नेऊन रॅलीवाले करतात तसा इग्निशनला वेगळा स्विच टाकून देतो. आधी सेल्फनं इंजिन फिरू द्यायचं, मग स्पार्क चालू करायचा. रोजच्या वापराला मला ते आवडत नाही, घरात दुसरं कुणी गाडी काढत असेल तर हमखास विसरतं.

नाकाचे आणि मजुरीचे पैसे घेणार नाही. तुमचा जुना सेल्फ अजून फळीवर आहे. तोच परत बसवायचा असेल तर नऊ हजार परत देतो. यायच्या आधी तासभर फोन करा. गाडी पन्हाळ्यापर्यंत फिरवून तापवून ठेवतो, म्हणजे सेल्फ गरम इंजिनावरच तुम्ही मारून बघाल.