चांदी बंद झाली, पण असिस्टंटच्या हातांचं काय?

युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून दातात चांदी (पाऱ्यात कालवलेला धातूचा भराव) भरणं बंद केलं (वैद्यकीय कारणाने अगदीच गरज असेल तर सूट आहे) आणि तेव्हापासून आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर थोड्या थोड्या दिवसांनी तोच मेसेज फिरतोय, बघा तिकडे बंदी आली म्हणजे विषच होतं, तोंडातली सगळी चांदी काढून टाका. नाशिकच्या मावशीने तर अपॉइंटमेंटसुद्धा घेतली होती, दाढा चांगल्या, दुखत नाहीत, काही नाही, फक्त मेसेज वाचून. मी बीडीएस महाराष्ट्रात केलं आणि आता जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका डेंटल क्लिनिकमध्ये काम करते, म्हणून मला तिला फोन करून थांबवावंसं वाटलं.

ही बंदी पेशंटच्या तोंडातल्या जुन्या चांदीसाठी आलेलीच नाही. या भरावात वजनाने निम्म्याच्या आसपास पारा असतो, तो दवाखान्याच्या बेसिनमधून गटारात जातो आणि माणूस गेल्यावर दहनाच्या धुरातून हवेत जातो, ते थांबवणं हा मुख्य हेतू. २०१७ मध्ये लागू झालेला आंतरराष्ट्रीय मिनामाता करार एकूणच पाऱ्याबद्दलचा आहे, भारतानेही तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाला सगळ्या सदस्य देशांनी २०३४ पर्यंत दातांमधला पारा बंद करायचं ठरवलं. म्हणजे हा विषय आपल्याकडेही येणारच आहे. पण धड असलेली चांदी काढू नका असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२० मध्ये स्पष्ट सांगितलंय, कारण ड्रिल लावलं की तापून पाऱ्याची वाफ उलट जास्त निघते, शिवाय चांगला दातही थोडा कापला जातो. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं, किडनीचा त्रास असलेले लोक यांना नवीन चांदी भरू नये हे बरोबर, इथे तर पंधरा वर्षांखालच्या मुलांना २०१८ पासूनच भरत नव्हते. मावशी यातल्या कशातच बसत नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एवढी चर्चा होते त्यात पेशंटच्या तोंडाबद्दल सगळे बोलतात, खुर्चीच्या बाजूला दिवसभर उभी असलेल्या असिस्टंटबद्दल कुणीच बोलत नाही. कॉलेजमध्ये आम्ही पावडर आणि पारा छोट्या खलात घोटायचो आणि जास्तीचा पारा फडक्यात धरून पिळून काढायचो, पाऱ्याचे बारीक गोळे टेबलावरून घरंगळत फटीत जायचे आणि त्या खोलीत एसी लावून खिडक्या बंद. पेशंटच्या दाढेतून आयुष्यभर जेवढी वाफ निघते त्याची काळजी करणाऱ्यांनी त्या खोलीत रोज काम करणाऱ्या मावशींचा विचार करावा ना. युरोपात २०१९ पासून फक्त बंद कॅप्सूलमधलीच चांदी वापरायची आणि पाण्याच्या लाइनवर पारा अडवणारा सेपरेटर लावायचा हे सक्तीचं झालं. आपल्याकडे बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम आहेत, पण गल्लीतल्या दोन खुर्च्यांच्या क्लिनिकमध्ये सेपरेटर तुम्ही बघितलाय का कधी?

आणि चांदी गेली म्हणजे सगळं सेफ झालं असंही नाही. पांढरं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट, त्याच्या आधी लावतात ते बाँडिंगचं लिक्विड, यात मेथॅक्रिलेट नावाची केमिकल असतात. निळा लाइट मारून ते कडक झालं की पेशंटला सहसा त्रास नाही, पण ओलं असताना बोटाला लागलं की ते ग्लोव्हजमधूनसुद्धा काही मिनिटांत आत जातं. माझ्या एका सहकारी असिस्टंटच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना टोकाशी चिरा पडायच्या, साबण लागला की ती अक्षरशः हात झटकायची, टेस्टमध्ये ॲलर्जी निघाली ती याच मेथॅक्रिलेटची आणि आता तिला ते काम देत नाहीत, ती रिसेप्शनला बसते. ही ॲलर्जी एकदा झाली की साधारण जन्मभराची. जेल नेल्समध्येही हेच केमिकल असतात, त्यामुळे घरी किट आणून नखं करणाऱ्या मुलींनी दाताच्या डॉक्टरला ॲलर्जी आहे का ते जरूर सांगावं.

इथे हे मालकाला गांभीर्याने घ्यावं लागतं. असिस्टंटने गरोदर असल्याचं सांगितलं की खुर्चीजवळचं काम बहुतेक क्लिनिकमध्ये त्याच दिवशी बंद होतं, मुख्यतः सुई आणि इन्फेक्शनच्या भीतीने, आणि पगार चालू राहतो, तो मालकाला एका विम्याच्या फंडातून परत मिळतो म्हणून मालकही कुरकुर करत नाही. आपल्याकडे आठव्या महिन्यापर्यंत एक्स-रे आणि सक्शन धरणाऱ्या मुली मी बघितल्यात. नुसते नियम असून भागत नाही, खर्च कोण उचलणार ते ठरलेलं असलं तरच नियम पाळले जातात, हे मला इथे येऊन पटलं.

जर्मनी म्हणजे स्वर्ग असं मात्र मी म्हणणार नाही. सरकारी विमा साध्या भरावाचे पैसे देतो, थर लावून केलेलं चांगलं कॉम्पोझिट हवं तर वरचे पैसे खिशातून, आणि कॅपचं बिल ऐकून आपली माणसं डिसेंबरात पुण्याला जाऊन दात करून येतात. काम बहुतेक वेळा सुंदर असतं, खरंच. अडतं ते कागदावर. गेल्या हिवाळ्यात एक मराठी ताई आल्या, नवीन मेटल कॅपच्या भोवती हिरडी लाल, आणि बोलता बोलता म्हणाल्या की खोटे कानातले घातले की कान चिघळतात. म्हणजे निकेलची ॲलर्जी असू शकते, आणि आपल्याकडे स्वस्त कॅपमध्ये निकेल-क्रोमियम सर्रास असतं. तोंडात त्याचा त्रास कातडीपेक्षा कमी जणांना होतो, म्हणून आधी धातू कोणता ते कळायला हवं होतं, आणि तेच कुणाला माहीत नव्हतं, क्लिनिकने लॅबला विचारलं, लॅबवाला म्हणाला बघून सांगतो. झिरकोनियाला (पांढऱ्या सिरॅमिकच्या कॅपला) वॉरंटी कार्ड मिळतं पण मेटलला चिठ्ठीसुद्धा नाही. युरोपात २०२१ पासून लागू असलेल्या कायद्याने लॅबने प्रत्येक कॅपसोबत तिच्या वैशिष्ट्यांचं लेखी निवेदन द्यायचं असतं आणि पेशंटने मागितलं की ते मिळतं. याला मशीन लागत नाही, दातांच्या डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने मनावर घेतलं तर एक छापील फॉर्म पुरेल.

तोपर्यंत तुम्हीच विचारा. कॅप बसवताना धातूचं नाव बिलावर लिहून घ्या, खोट्या दागिन्यांनी खाज येत असेल तर माप घ्यायच्या आधीच सांगा. आणि नाशिकच्या मावशीसारखी चांगली चांदी काढायला निघाला असाल तर डॉक्टरांना विचारा, रबर डॅम (दाताभोवती ताणून लावायचा रबराचा पडदा) लावणार का, पाण्याचा फवारा आणि मोठं सक्शन आहे का, आणि काढलेला चुरा कुठे जातो, कारण तो उचलणारी असिस्टंट तुमच्यानंतरही संध्याकाळपर्यंत त्याच खोलीत असते.